मिश्री, मणका आणि चार स्क्रू

वाचकाचं पत्र

"माझी आई ६४ वर्षांची. विट्याजवळच्या गावी राहते, अजून भांगलणीला जाते. दीड वर्षापासून चालताना तिचे दोन्ही पाय भरून येतात. शंभर-सव्वाशे पावलं झाली की बसावंच लागतं, बसली की पाच मिनिटांत बरं वाटतं. एमआरआयमध्ये कमरेचा चौथा मणका पाचव्यावर पुढे सरकलाय, ग्रेड वन म्हणजे सगळ्यात कमी, आणि नसा दबल्यात असं आलंय. गोळ्या, पट्टा, व्यायाम, कमरेतलं एक इंजेक्शन, सगळं करून झालं. मिरजेच्या डॉक्टरांनी स्क्रू-रॉड आणि पीक नावाच्या प्लास्टिकचा केज, म्हणजे दोन मणक्यांमध्ये बसवायचा पोकळ ठोकळा, सांगितला. पुण्याच्या डॉक्टरांनी रोबोटने स्क्रू आणि थ्रीडी प्रिंटेड टायटॅनियमचा केज सांगितला. खर्चात सव्वादोन लाखांचा फरक आहे. पैसे उभे करू, पण नवीन ते खरंच चांगलं असतं का? धातू जन्मभर अंगात राहिला तर चालतं का? आईला साखर आहे, तीन महिन्यांची सरासरी ८.४. बाकी व्यसन काही नाही, फक्त सकाळ-संध्याकाळ मिश्री लावते."
— एक मुलगा, सांगली जिल्हा

उत्तर

शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण आमच्या दृष्टीने अख्ख्या पत्रात तेच सगळ्यात मोठं आहे. रोबोट की हात, पीक की टायटॅनियम, यातलं काहीही निवडलंत तरी आईंच्या डबीतली मिश्री आणि ८.४ ची साखर या ऑपरेशनचा निकाल त्याहून जास्त ठरवतील. असं का म्हणतोय हे कळायला आधी स्क्रू नेमकं काय काम करतो ते पाहू.

घराचा स्लॅब ओतताना खाली सेंट्रिंग लावतात. काँक्रीट पक्कं होईपर्यंत भार सेंट्रिंग घेतं, मग स्लॅब स्वतःच्या जोरावर उभा राहतो. मणक्यातले स्क्रू आणि रॉड हे तसं सेंट्रिंग आहे. फरक इतकाच की ते नंतर सहसा काढत नाहीत. चौथा आणि पाचवा मणका कायमचे जोडणारं हाड आईंचं स्वतःचं असतं आणि ते जुळायला सहा महिने ते वर्ष लागतं. तोवर प्रत्येक पावलाला रॉड किंचित वाकतो आणि परत येतो. दिवसाला पाच हजार पावलं धरली तरी वर्षाला अठरा लाख वाकणी झाली. हाड वेळेत जुळलं तर धातूवरचा भार उतरतो. जुळलं नाही, तर धातू कितीही महाग असो, एकतर स्क्रू हाडात सैल होतो नाहीतर रॉड किंवा स्क्रू थकून तुटतो. तुटलेल्या स्क्रूचा एक्स-रे पाहून घरचे म्हणतात, माल हलका वापरला. बहुतेक वेळा खरं कारण हाड न जुळणं हे असतं.

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. हिरडीतून निकोटीन थेट रक्तात जातं, बारीक रक्तवाहिन्या आकसतात, नवं हाड घडवणाऱ्या पेशी मंदावतात. विडी ओढणाऱ्याचं हाड नीट जुळत नाही, म्हणून विडीबद्दल डॉक्टर आवर्जून विचारतात, पण "तंबाखू खाता का" या प्रश्नाला मिश्री लावणाऱ्या बाया "नाही" म्हणतात, कारण त्यांच्या लेखी ते दात घासणं असतं. म्हणून दोन्ही डॉक्टरांना हे तुम्ही स्वतः सांगा. ऑपरेशनच्या आधी किमान सहा आठवडे मिश्री पूर्ण बंद, आणि नंतर किमान तीन महिने. हाड जुळेपर्यंत म्हणजे वर्षभर बंद ठेवली तर उत्तम. पहिले दहा-बारा दिवस डोकं दुखेल, शौचाला साफ होणार नाही, चिडचिड होईल. हे आधीच सांगून ठेवलं तर माणूस निभावून नेतो. निकोटीनचा च्युइंगगम हा इथे पर्याय नाही, कारण त्यातही निकोटीनच असतं. डबी घरातून बाहेर काढा आणि शेजारणींनाही सांगा, कारण मिश्री बहुतेक वेळा एकमेकींच्या दारात बसून लावली जाते.

साखरेचंही तसंच. सरासरी ७.५ च्या खाली आणा, मग तारीख घ्या. वाढलेल्या साखरेत जखम चिघळते, आणि धातूवर एकदा जंतू बसले की ते स्वतःभोवती चिकट थर बांधतात. त्या थरात प्रतिजैविक नीट पोचत नाही. मग पुन्हा ऑपरेशन करून धुवावं लागतं, प्रसंगी सगळा धातू काढावा लागतो. दोन-तीन महिने थांबल्याने आईंच्या नसांचं कायमचं नुकसान होईल असं तुमच्या वर्णनावरून वाटत नाही. कधी थांबायचं नाही, ते शेवटी लिहिलंय.

आता त्याही आधीचा प्रश्न, जो दोन्ही अंदाजपत्रकांत कुठेच नाही: स्क्रू लागणारच आहेत का?

आईंची तक्रार कमरेपेक्षा पायांची आहे. चाललं की पाय भरतात, बसलं की मोकळे होतात. हे नसांची वाट अरुंद झाल्याचं लक्षण आहे. वाट मोकळी करणं हे एक ऑपरेशन आणि मणके जोडणं हे दुसरं. दोन्ही बहुधा एकत्र करतात, पण नेहमी करावीच लागतात असं नाही. नॉर्वेतल्या १६ रुग्णालयांनी एकाच पातळीवर मणका सरकलेल्या २६७ रुग्णांचे दोन गट केले. एका गटात फक्त नसा मोकळ्या केल्या, दुसऱ्यात नसा मोकळ्या करून स्क्रू-रॉडने मणके जोडले. निकाल २०२१ मध्ये आला. दोन वर्षांनी ठरलेल्या मापाइतका आराम पहिल्या गटात ७१.४ टक्के आणि दुसऱ्यात ७२.९ टक्के लोकांना होता. पुन्हा ऑपरेशन पहिल्या गटात १२.५ टक्के लोकांना लागलं, दुसऱ्यात ९.१ टक्के. म्हणजे साधं ऑपरेशन बऱ्याच जणांना पुरतं. सगळ्यांना मात्र नाही.

आई कोणत्या गटात बसतात हे ठरवायला झोपून काढलेला एमआरआय अपुरा आहे. झोपल्यावर सरकलेला मणका पुष्कळदा जागेवर येतो आणि चित्र बरं दिसतं. उभं राहून काढलेला बाजूचा एक्स-रे हवा, आणि सोबत पुढे वाकून एक, मागे वाकून एक असे दोन. वाकताना मणका ३-४ मिमीपेक्षा जास्त हलत असेल, उभं राहिल्यावर सरकणं वाढत असेल, किंवा बाजूच्या छिद्रातली नस मणके वर उचलल्याशिवाय मोकळी होणार नसेल, तर जोडणं योग्य. मणका हलत नसेल, गादी आधीच दबून घट्ट झाली असेल आणि कंबर फारशी दुखत नसेल, तर दोन्ही डॉक्टरांना सरळ विचारा: "फक्त नसा मोकळ्या केल्या तर काय होईल? आमच्या आईच्या बाबतीत ते का नको?" चांगला सर्जन या प्रश्नाने रागावत नाही. तो एक्स-रे लावून बोट ठेवून दाखवतो.

जोडायचंच ठरलं, तर हाडाची ताकद मोजल्याशिवाय टेबलावर जाऊ नका. ६४ वर्षांच्या बाईच्या मणक्यात स्क्रू घट्ट बसेल की नाही, हे स्क्रूच्या कंपनीपेक्षा हाड ठरवतं. डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली आला तर हाडं ठिसूळ आहेत. एक अडचण लक्षात ठेवा. झिजलेल्या मणक्यांभोवती जादा हाड वाढलेलं असतं, त्यामुळे कमरेचा आकडा खोटा चांगला येतो. म्हणून खुब्याचा आकडाही पाहा. काही कारणाने पोटाचा किंवा कमरेचा सीटी स्कॅन झालेला असेल, तर त्यात पहिल्या कंबर-मणक्याची घनता मोजता येते. ती ११० हाउन्सफील्डच्या खाली असेल तर सावध व्हा. ड जीवनसत्त्व मिलिलिटरला ३० नॅनोग्रॅमच्या वर हवं. उन्हात राबणाऱ्यांतही ते कमी निघतं, तेव्हा शेतात जाते म्हणून गृहीत धरू नका.

हाडं ठिसूळ निघाली तर टेरिपॅराटाइड हे रोज २० मायक्रोग्रॅमचं पोटावर घ्यायचं इंजेक्शन आहे. ते नवं हाड घडवतं. ऑपरेशनच्या दोन-तीन महिने आधी सुरू करून नंतरही चालू ठेवतात. ज्यांना पूर्वी हाडाचा कर्करोग झालाय किंवा किरणोपचार झालेत, त्यांना ते देत नाहीत. शस्त्रक्रियेतही उपाय आहेत. जाड आणि लांब स्क्रू हा एक. दुसरा म्हणजे टोकाशी छिद्रं असलेला पोकळ स्क्रू, ज्यातून प्रत्येकी दीड-दोन मिलिलिटर सिमेंट सोडून स्क्रू जखडतात. हे सिमेंट म्हणजे १९६० च्या दशकापासून खुब्याच्या सांध्यात वापरलं जाणारं ॲक्रिलिकच. ते पातळ असताना सोडलं किंवा जास्त सोडलं, तर शिरांतून फुप्फुसापर्यंत जाऊ शकतं. म्हणून टूथपेस्टसारखं घट्ट झाल्यावर, सी-आर्मवर, म्हणजे टेबलाशी लावलेल्या एक्स-रे यंत्रावर, सतत पाहत, थोडं थोडं सोडावं लागतं. हाड चांगलं असेल तर हा प्रकार नकोच.

रोबोटचा प्रश्न समजायला स्क्रू कसा बसतो ते जवळून पाहा. प्रत्येक मणक्याला मागच्या बाजूने दोन देठ असतात, डावा आणि उजवा. देठाच्या आतल्या कडेला नसांची पिशवी, खालच्या कडेला बाहेर पडणारी नस. स्क्रू या देठातून पुढच्या जाड भागात जायला हवा. पॅरिसमध्ये सर्जन रॉय-कामीय यांनी १९६३ मध्ये हा मार्ग वापरायला सुरुवात केली आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. सर्जन आरीने वरचं कडक कवच फोडतो आणि बोथट टोकाची सळई फिरवत आत नेतो. मऊ हाडात ती वाळूत शिरल्यासारखी करकरत जाते. तो स्पर्श अचानक बदलला, सळई एकदम मोकळी झाली, तर भिंत फुटली असं समजायचं. मग गोल टोकाची बारीक तार आत घालून चारही भिंती आणि तळ चाचपतात. त्यानंतर स्क्रूपेक्षा अर्धा ते एक मिमी बारीक टॅपने आटे पाडतात आणि स्क्रू फिरवतात. तुमच्या आईंच्या जागी साधारण ६.५ मिमी जाड आणि ४५ मिमी लांब स्क्रू लागतो. त्या पातळीवर देठ १० ते १५ मिमी रुंद असतो, म्हणजे दोन्हीकडे मोकळीक आहे.

रोबोट स्क्रू पिळत नाही. आधी सीटी स्कॅनवर मार्ग आखतात, रोबोटचा हात त्या दिशेला नळी धरून स्थिर राहतो आणि सर्जन त्या नळीतून ड्रिल करतो. असा पहिला रोबोट, इस्रायलच्या मेझर कंपनीचा, अमेरिकेत २००४ मध्ये मंजूर झाला. त्याचा खरा उपयोग कुठे? पाठीचा कणा वाकडा असलेल्या मुलांत, छातीच्या मणक्यांत जिथे देठ ४-५ मिमीचाच असतो, आधी ऑपरेशन होऊन खुणा पुसल्या गेलेल्या पाठीत, आणि बारीक छेदातून स्क्रू घालताना. कमरेच्या एकाच पातळीवर, पहिलंच ऑपरेशन असताना, रोज हे काम करणाऱ्या सर्जनच्या हातचे स्क्रू बहुतेक जागेवर बसतात. रोबोटने त्यात थोडी भर पडते. पण तो चुकतो तेव्हा बेमालूम चुकतो. कमरेच्या हाडाला लावलेली खुणेची चौकट धक्क्याने एक-दोन मिमी हलली, किंवा झिजून उतरत्या झालेल्या सांध्यावर ड्रिलचं टोक घसरलं, तर पडद्यावर मार्ग अचूक दिसतो आणि प्रत्यक्षात स्क्रू दुसरीकडे जातो. म्हणून रोबोट असला तरी टेबलावरच पुन्हा सी-आर्मवर किंवा थ्रीडी चित्र देणाऱ्या ओ-आर्मवर पाहिलं पाहिजे. २ मिमीपर्यंत भिंत ओलांडलेला स्क्रू सहसा चालतो. ४ मिमीच्या पुढे गेला तर बदललेला बरा.

पुण्याच्या डॉक्टरांना एवढं विचारा: "स्क्रू घातल्यावर टेबलावरच थ्रीडी स्कॅन करता का? नसांचं मॉनिटरिंग लावता का? रोबोट मधेच बंद पडला तर हाताने पूर्ण करता का?" तिन्हींना हो म्हणाले तर तो चांगला विभाग आहे. पण हेच पहिले दोन प्रश्न मिरजेतही विचारा. तिथेही हो असेल, तर केवळ रोबोटसाठी जादा पैसे मोजायचं कारण आम्हाला आईंच्या बाबतीत दिसत नाही.

केजची निवड जास्त रंजक आहे, आणि इथे नव्या तंत्राने खरंच काही मिळवलंय. झिजलेली गादी काढली की दोन मणक्यांमध्ये पोकळी राहते. तिथे ८ ते १४ मिमी उंचीचा पोकळ ठोकळा बसवतात आणि त्याच्या आत व आजूबाजूला आईंचंच काढलेलं हाड बारीक करून भरतात. पीकचा ताठपणा साधारण साडेतीन गिगापास्कल, वरच्या कडक हाडाचा बारा ते अठरा, टायटॅनियमचा एकशे दहा. पीक लवचीक, म्हणून हाडात कमी रुततो असा हिशोब होता. शिवाय एक्स-रेला तो आरपार दिसतो, त्यामुळे आत हाड भरतंय का ते पाहता येतं. जागा कळावी म्हणून त्यात टँटलम या धातूचे बारीक ठिपके बसवलेले असतात. अडचण अशी निघाली की हाड पीकला चिकटत नाही, मध्ये तंतूंचा पातळ पडदा तयार होतो. टायटॅनियमला मात्र हाड थेट धरतं. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी हे १९५० च्या दशकात सशांच्या हाडात पाहिलं आणि दातांचे इम्प्लांट त्यातूनच आले. थ्रीडी प्रिंटिंगमध्ये टायटॅनियमची पूड लेसरने किंवा इलेक्ट्रॉनच्या झोताने थरावर थर वितळवून स्पंजासारखी जाळी करतात. जाळीची भोकं मिलिमीटरच्या काही दशांशांची असतात, हाड त्यात शिरतं. जाळीमुळे ताठपणाही भरीव धातूपेक्षा बराच उतरतो. कल्पना उत्तम आहे. पण दुखणं किती कमी झालं हे मोजलं, तर दोन्ही प्रकारच्या केजचे निकाल जवळजवळ सारखे येतात.

केज हाडात रुतून बसण्याची कारणं मुख्यतः सर्जनच्या हातातली असतात. गादी खरवडताना मणक्याची कडक पाटी फोडली, घट्ट बसावा म्हणून एक माप मोठा केज ठोकला, किंवा तो मधल्या मऊ भागात राहिला. कडेचं हाड कडक असतं, म्हणून केज पुढच्या कडेकडे सरकवून बसवणं चांगलं. त्याने कमरेचा नैसर्गिक बाकही टिकतो. याकडे फार कमी लोक लक्ष देतात. कमरेच्या एकूण बाकापैकी जवळजवळ दोन-तृतीयांश बाक चौथ्या मणक्यापासून खालच्या भागात असतो. तो सपाट करून जोडला तर माणूस पुढे झुकून चालतो, आणि वरच्या गादीवर भार येऊन पुढच्या काही वर्षांत ती झिजते. डेक्सा ठीक आला तर पीक पुरेसा आहे. हाडं ठिसूळ असली आणि तरीही जोडायचंच असलं, तर थ्रीडी टायटॅनियमला आमची पसंती, आणि तिथे जादा पैसे घालायला हरकत नाही.

"नवीन ते चांगलं का" याचं उत्तर खुब्याच्या सांध्याने दिलंय. धातूवर धातू घासणारा डीप्यू कंपनीचा एएसआर सांधा झीज कमी म्हणून विकला गेला. त्यातून कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण सुटून आजूबाजूचं मांस खराब झालं, आणि ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीला तो जगभरातून परत बोलवावा लागला. भारतातल्या रुग्णांनाही त्याची झळ बसली. मणक्याचे बहुतेक नवे स्क्रू आणि केज अमेरिकेत "आधीच्या मंजूर वस्तूसारखाच आहे" एवढं दाखवून बाजारात येतात, दर वेळी रुग्णांवर मोठी चाचणी झालेली नसते. तेव्हा दहा वर्षं वापरात असलेली वस्तू मागणं हा मागासपणा नव्हे. बीएमपी नावाचं हाड वाढवणारं प्रथिनही कोणी सुचवेल. २००२ मध्ये ते मंजूर झालं, नंतर नको तिथे हाड वाढणं आणि मानेत जीवघेणी सूज अशा तक्रारी आल्या. एकाच पातळीला, आईंचं स्वतःचं हाड हाताशी असताना, त्याची गरज नाही.

धातू जन्मभर राहिला तरी चालतं. स्क्रू ज्या मिश्रधातूचे असतात त्यात ९० टक्के टायटॅनियम, ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असतं. तो गंजत नाही, चुंबकाला चिकटत नाही. पुढे एमआरआय करता येतो, फक्त आधी सांगायचं. स्क्रूच्या आसपासचं चित्र थोडं विस्कटतं. विमानतळावर यंत्र वाजलं तर डिस्चार्ज कार्ड दाखवायचं. एकच नियम: स्टीलचा रॉड टायटॅनियमच्या स्क्रूत बसवू नये. दोन धातू ओल्या जागी एकत्र आले की गंज धरतो. हे सर्जनला माहीत असतंच, पण वेगवेगळ्या संचांतून तुकडे जुळवले जातात तिथे विचारलेलं बरं.

ऑपरेशनच्या दिवसाबद्दल दोन बारीक गोष्टी. बऱ्याच ठिकाणी स्क्रूंचा संच विक्रेत्याकडून डब्यातून येतो. त्यात वेगवेगळ्या मापांचे डझनावारी स्क्रू असतात, चार वापरले जातात, उरलेले पुन्हा धुऊन, वाफेच्या भट्टीत घालून दुसऱ्या रुग्णाकडे जातात. असं वीस-तीस वेळा झालेल्या स्क्रूच्या आट्यांत मळ राहू शकतो. संच आदल्या दिवशी रुग्णालयात पोचून तिथल्या निर्जंतुकीकरण विभागात नीट धुतला जातो का, ते विचारा. सकाळी आठला संच आला आणि नऊला टेबलावर गेला तर ते चुकीचं आहे. आता एकेक स्क्रू नळीत सीलबंद, आधीच निर्जंतुक केलेलाही मिळतो. रोबोटपेक्षा हा बदल आम्हाला अधिक मोलाचा वाटतो. दुसरी गोष्ट, छेद देण्याआधीच्या एका तासात सेफाझोलिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन शिरेत गेलं पाहिजे, बहुतेकांना २ ग्रॅम. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर ती आधी सांगा.

शेवटी स्क्रूच्या डोक्यातल्या खाचेत रॉड ठेवून वरून बारीक नट आवळतात. त्यासाठी ठरावीक जोर आला की सुटणारी किल्ली असते, कंपनीनुसार साधारण ८ ते १२ न्यूटन-मीटरची. हाताच्या अंदाजाने आवळलेला नट सैल होऊन रॉड निसटल्याची उदाहरणं आहेत. टायटॅनियमचा रॉड एकाच जागी पुढे-मागे वाकवला तरी तिथे ओरखडा पडून तो लवकर तुटतो. म्हणून तो एकदाच, एका दिशेने वाकवतात.

बिलाचं. एका पातळीला चार स्क्रू, चार नट, दोन रॉड आणि एक केज लागतो, काही पद्धतींत दोन केज. अंदाजपत्रकात "इम्प्लांट किट" असा एकच आकडा असेल तर तो फोडून मागा: नग, माप, कंपनी, दर. स्वतंत्र दर लावलेले स्क्रू आणि नट दोन्ही दिसले तर चकित होऊ नका, पण दोनदा लावलेले नाहीत ना ते पाहा. गुडघ्याच्या सांध्यांवर ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने कमाल किंमत ठरवली, मणक्याच्या स्क्रूंना तशी मर्यादा नाही. त्यामुळे घासाघीस इथे करता येते आणि करावी. भारतीय बनावटीचा स्क्रूही वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ खाली परवाना असलेल्या कंपनीचा असेल तर घ्यायला हरकत नाही. प्रत्येक नगाच्या वेष्टनावर स्टिकर असतो, त्यावर लॉट नंबर असतो. ते सगळे स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या आणि फोनमध्ये फोटो काढून ठेवा. उद्या एखादा लॉट परत बोलावला गेला किंवा पंधरा वर्षांनी स्क्रू काढायची वेळ आली, तर कोणत्या आकाराची किल्ली लागेल हे त्यावरूनच कळतं. ऑपरेशननंतरच्या एक्स-रेमध्ये चार स्क्रू आणि दोन रॉड स्वतः मोजा. पीकचा केज दिसणार नाही, त्याचे ठिपके दिसतील. रुग्णालय महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असेल तर हे ऑपरेशन त्यांच्या यादीत बसतं का, ते तिथल्या आरोग्यमित्राला भरती व्हायच्या आधी विचारा.

घरी आल्यावर खरी परीक्षा. दुसऱ्या दिवशीपासून चालायचं, रोज थोडं वाढवत. पहिले सहा आठवडे पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही, म्हणजे भरलेली घागरही नाही. जमिनीवर मांडी घालून बसणं, उकिडवं बसून भांडी घासणं, पाट्यावर वाटणं बंद. शौचालयात कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा, ऑपरेशननंतर धावपळ नको. भांगलण वर्षभर नाही. कमरेत वाकून खुरपं चालवताना मणक्यावर पडणारा भार या जोडासाठी सगळ्यात वाईट असतो. दुखण्याच्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या महिनोन्महिने घेऊ नयेत, त्या हाड जुळणं मंदावतात आणि साखर असलेल्यांच्या मूत्रपिंडाला जपावं लागतं. सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने आणि वर्ष अशा एक्स-रेच्या तारखा पाळा. स्क्रूभोवती काळी कडा दिसू लागली तर तो सैल होतोय. बरं वाटत असलेली कंबर सहा-आठ महिन्यांनी पुन्हा दुखू लागली तर हेच पहिल्यांदा तपासायचं.

आणि थांबायचं नाही ते केव्हा? मिश्री सोडवण्यात, साखर उतरवण्यात आठवडे जात असताना आईंना लघवी तुंबली किंवा नकळत झाली, मांड्यांच्या मधली जागा बधिर वाटली, किंवा पाऊल वर उचलेनासं होऊन चप्पल गळून पडू लागली, तर केज, रोबोट, अंदाजपत्रक सगळं बाजूला ठेवा. त्याच रात्री गाडी करून मणक्याचा सर्जन आणि एमआरआय जिथे जवळ आहे तिथे, म्हणजे तुमच्याकडून सांगली-मिरजेला न्या. तेव्हा नस मोकळी करायला तासांचा हिशोब असतो. साखर जास्त असली तरी त्या वेळी ऑपरेशन करतात आणि इन्सुलिनवर ती सांभाळतात.